घाटात गप्प बसणारी सायकल

मागच्या महिन्यात कात्रजच्या जुन्या घाटाखाली, भिलारेवाडीजवळच्या एका चहाच्या टपरीवर, आम्ही एका अडुसष्ट वर्षांच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यावर खटला चालवला. आरोप एवढाच, की हे गृहस्थ घाटात सायकलवरून उतरत नाहीत.

यात गुन्हा कसला, असं तुम्हाला वाटेल. टपरीवाल्यालाही तसंच वाटलं. ‘मग बरंच आहे की!’ म्हणाला. त्याला साक्षीला घेतलं नाही.

आधी मंडळी सांगते. दर रविवारी पहाटे साडेपाचला सारसबागेसमोर आम्ही नऊ-दहा जण जमतो, सगळे बिनगिअरच्या सायकलींवर. एक पोस्टमनदादा आहेत, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी दुसऱ्याच्या दारासमोरून जाताना आपोआप वेग कमी करणारे. एक भूगोलाचे मास्तर. रास्ता पेठेत सायकलदुरुस्तीचं दुकान असलेले अण्णा, जे आठवडाभर सायकली उघडतात आणि सुट्टीच्या दिवशी सायकलच चालवायला येतात. एक जोडपं आहे, ते वाटेत एकमेकांशी अवाक्षर बोलत नाही आणि बाकी सगळ्यांशी बोलतं. एक सॉफ्टवेअरवाला मुलगा, त्याची सायकल बिनगिअरची असूनही आमच्या सगळ्यांच्या सायकलींच्या एकूण किमतीहून महाग. वर उल्लेखलेले बँककाका. आणि मी.

माझी सायकल वडिलांची. काळी, अठ्ठावीस इंची, दांड्यांच्या ब्रेकची. तिच्या पुढच्या नळीवर टॉवेल गुंडाळून त्यावर बसून मी शाळेत गेलेय. एकदा चौकातल्या पोलिसानं डबलसीटबद्दल चाकातली हवा सोडली होती, तेव्हा वडील त्याला शांतपणे म्हणाले होते, ‘पंप द्या आता.’ त्याच नळीवरून हल्ली पाय टाकताना माझा गुडघा काहीतरी बोलतो.

आमच्या मंडळाला नाव नाही. ठेवायचं ठरलं होतं. तीन रविवार भांडण झालं, चौथ्या रविवारी दोघं आलेच नाहीत, तेव्हा विषय बंद केला. पुण्यात नाव नसलेलं मंडळ ही तशी दुर्मीळच गोष्ट, पण त्यामुळे आमच्यात अध्यक्षही नाही आणि फूटही नाही.

नियम मात्र आहेत. गिअर नको. पंक्चर कुणाचंही असो, थांबायचं सगळ्यांनी, आणि काढायचं ज्याचं त्यानं. अण्णांनी फक्त खिशात हात घालून उभं राहायचं आणि ‘उलटी लावताय’ एवढंच म्हणायचं. मिसळीच्या दुकानात तर्रीवरून वाद घालायचा नाही. (हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो.) आणि घाट लागला की उतरायचं.

या शेवटच्या नियमामागे जरा गणित आहे. माझ्या सायकलच्या पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर ठीक आहे. चढावरही तेवढंच, साडेपाच मीटर. घ्या नाहीतर उतरा. गिअरवाल्याला बोटानं एक खटका दाबून सवलत मिळते, आम्हाला मिळत नाही. डांबरी घाटात हेल्मेटवाली रंगीबेरंगी मुलं सर्रकन बाजूनं जातात, जाताजाता ‘कम ऑन अंकल’ म्हणतात. आम्ही मान डोलावतो आणि ढकलतो.

आणि खरं सांगायचं तर आमच्या मंडळाचं सगळं आयुष्य या ढकलण्यात आहे. सपाटीवर सायकलवर बोलता येत नाही. वाहनं असतात, वारा असतो, पुढच्याचं मडगार्ड खडखडत असतं. उतारावर तर ब्रेकवरच सगळं लक्ष. पण चढ आला की दहा माणसं खाली उतरतात, सायकल डाव्या हाताला घेतात आणि चालायला लागतात. अर्धा-पाऊण तास दुसरं कामच नसतं. त्या जोडप्याच्या मुलीचं लग्न मोडल्याचं आम्हाला बोपदेवच्या घाटात कळलं. मास्तरांच्या बायपासबद्दलही तिथेच, शेवटच्या वळणाच्या अलीकडे. ‘पुढच्या मंगळवारी कापणार आहेत,’ ते म्हणाले आणि लगेच सह्याद्रीतले घाट कसे तयार झाले त्याकडे वळले. खडकवासल्याच्या पुढे सिंहगडाला गेलो की गडाचा चढ म्हणजे आठ-नऊ किलोमीटरचं चालणं. वर पोचेपर्यंत एकेकाचं सगळं सांगून संपतं, आणि पिठलं-भाकरीवर बसल्यावर कुणी काही बोलत नाही. नुसते कांदे फुटत असतात.

बाकी चाळे पुष्कळ आहेत. दसऱ्याला सायकलींची पूजा होते. अण्णा पाने आणि पोपटपान्याला हळदकुंकू वाहतात आणि झेंडूचे हार आऱ्यांत अडकणार नाहीत असे बांधतात. मग होते सावकाश सायकलची शर्यत, शाळेच्या स्नेहसंमेलनात असायची तीच. पंचवीस पावलांचं अंतर, पाय टेकला की बाद, शेवटी पोचेल तो पहिला. गेली चार वर्षं पोस्टमनदादा जिंकतात. पत्र हातात देईपर्यंत सायकल जागच्या जागी उभी ठेवायची त्यांना तीस वर्षांची सवय, त्यांच्यापुढे कुणाचं काय चालणार? बक्षीस एक नारळ. तो तिथेच फोडतात.

सॉफ्टवेअरवाल्यानं एकदा सांगितलं की बिनगिअरवाल्यांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धासुद्धा असते. २००९ मध्ये ती अमेरिकेत डुरँगोला झाली, २०१० मध्ये न्यूझीलंडच्या रोटोरुआला, २०१५ मध्ये जपानात. डोंगरातल्या मातीच्या वाटांवरून पळवतात. लोक काहीच्या काही सोंगं घेऊन येतात. आणि जिंकणाऱ्याला चषक नाही, गोंदण! गोंदवून घ्यायची तयारी नसेल तर सरळ जिंकू नये. हे ऐकून मंडळी खूश झाली. ‘गोंदणाचं मला काय सांगता,’ पोस्टमनदादा म्हणाले, ‘तारखेच्या शिक्क्याची शाई माझ्या तळहातावरून रविवारीसुद्धा निघत नसे.’

तर बँककाका. ते आमच्यात आले दोन वर्षांपूर्वी. सायकल जुनी इंग्लिश, बुधवारी जुन्या बाजारात मिळालेली. हँडलवर सदैव गुंडाळलेलं पिवळं फडकं, मागे उजव्या बाजूला लोंबणारी कापडी पिशवी. माणूस अत्यंत नेमका. चहाचे पैसे सुट्टे आणतो, कुणाकडे काय राहिलं ते डायरीत लिहितो. आधी तेही आमच्यासारखेच उतरून ढकलायचे. मग या पावसाळ्यानंतर एकदा कात्रजला ते उतरले नाहीत. आम्ही बोगद्यापाशी पोचलो तेव्हा कठड्यावर बसून केळं खात होते. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. ‘प्राणायाम,’ म्हणाले. दोघांनी दुसऱ्या दिवसापासून प्राणायाम सुरू केला.

संशय आला तो अण्णांना, आणि डोळ्यांनी नाही, कानांनी. साध्या सायकलचं फ्रीव्हील पाय थांबवले की बोलतं. टिकटिकटिक. पाय फिरत असले की चूप. अण्णांचं म्हणणं असं पडलं, की काकांची सायकल सपाटीवर पाय फिरत असतानाही बारीक टिकटिकते, आणि घाटात काका जोर लावतात तेव्हा मात्र एकदम गप्प होते. ‘सायकल काहीतरी लपवतेय,’ अण्णा मला हळूच म्हणाले. मला वाटलं चेनला तेल हवं असेल.

त्या रविवारी भिलारेवाडीजवळ चहाला थांबलो. काका पाणी आणायला गेले तेवढ्यात अण्णांनी त्यांची पिशवी कॅरिअरवरून उचलली. खाली मागच्या चाकाच्या आसातून एक बोटभर साखळी बाहेर आलेली, सोनाराकडची वाटावी इतकी नाजूक, आणि तिला जोडलेली तार फ्रेमवरून पुढे गेलेली. ती तार आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. ‘डायनॅमोची,’ असं काकांनी सांगितलं होतं. पण डायनॅमोची तार दिव्याकडे जाते; ही जात होती फडक्याखाली. अण्णांनी खिशातला बोळा काढला, टपरीवाल्याकडून चमचाभर रॉकेल मागितलं, आणि चाकाच्या मधल्या जाडजूड डब्यावरचं साठ वर्षांचं वंगण पुसलं. अक्षरं वर आली. स्टर्मी-आर्चर. एडब्ल्यू. इंग्लंड. आणि शेवटी आकडा, ५८.

‘अठ्ठावन्न सालचं मशिन आहे,’ अण्णा म्हणाले. आवाजात आरोपापेक्षा भक्तीच जास्त होती. ‘पोटात तीन गिअर.’

काका तांब्या घेऊन परत आले, सगळ्यांची तोंडं पाहिली, आणि तांब्या खाली ठेवून त्यांनी स्वतःच फडकं सोडलं. हँडलवर पितळी रंगाचा एवढासा खटका.

खटला तिथेच उभा राहिला. पोस्टमनदादा न्यायाधीश, कारण त्यांना सगळ्यांचे पत्ते माहीत आहेत. सॉफ्टवेअरवाल्यानं फिर्याद मांडली: आरोपीनं मंडळाची दोन वर्षं फसवणूक केली आणि प्राणायामाचा अपप्रचार केला. काका म्हणाले, दोन वर्षं नाही. सायकल घेतली तेव्हा आत गिअर आहेत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, यंत्र गंजून मधल्या गिअरवर अडकलेलं होतं. पावसाळ्यात घरी बसून तेल सोडत राहिले आणि एके दिवशी ते सुटलं. पहिल्या गिअरला पायाचा भार पाऊणपट होतो, हेही त्यांनी डायरीत लिहिलेलं वाचून दाखवलं. नेमका माणूस.

बचावाचं काम मास्तरांनी अंगावर घेतलं. त्यांनी थेट फ्रान्स गाठलं. १९०३ साली टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज हे गिअरचे कट्टर वैरी. स्पर्धेत साखळी दात्यांवरून सरकवणारे गिअर वापरायची परवानगी १९३७ पर्यंत नव्हती. घाट आला की गडी खाली उतरून मागचं चाक काढून उलटं बसवत, कारण दुसऱ्या बाजूला वेगळं चक्र असे. ‘म्हणजे फ्रान्सातही घाटात उतरायचंच,’ मास्तर आमच्याकडे पाहून म्हणाले. आम्हाला फार बरं वाटलं. ‘पण याच देग्रांजनं १९०२ साली लिहून ठेवलंय, की गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी आहेत. आणि काकांच्या डब्याची कंपनीही नॉटिंगहॅमची, १९०२चीच.’

टपरीवर शांतता पसरली. जो तो मनात आपलं वय मोजत होता. सॉफ्टवेअरवाला सोडला तर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायला आम्ही सगळेच पात्र होतो.

न्यायाधीशांनी निकाल चहाच्या दुसऱ्या कपानंतर दिला. त्या दिवशीची मिसळ काकांकडे. गिअर काढायचे नाहीत, कारण अण्णा उघडू देणार नाहीत. आणि पुढचे चार रविवार काकांची सायकल पाळीपाळीनं दुसऱ्यानं चालवायची, म्हणजे मंडळाला गुन्ह्याचं स्वरूप नीट समजेल. पहिली पाळी न्यायाधीशांनी स्वतःकडे ठेवली. याला कुणी हरकत घेतली नाही, पण दुसऱ्या पाळीवरून त्या जोडप्यात बोलणं झालं. एकमेकांशी. आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

पुढच्या रविवारी पोस्टमनदादा काकांच्या सायकलवर आणि काका दादांच्या. भिलारेवाडी मागे पडली तसा आमचा जथा उतरला. दादांनी खटका दाबला, टिकटिक थांबली, आणि ते पहिल्या वळणाआड गेले. आम्ही ढकलत राहिलो. काका त्या दिवशी दम लागून चालत होते, आणि दम लागत असतानाच त्यांनी सांगितलं, की सप्टेंबरात मुलगा कायमचा कॅनडाला गेला. जाताना त्याची जुनी रेंजर सायकल कोणाला तरी देऊन टाकली. त्याच आठवड्यात हा गिअर सुटला. ‘घरी काही करायला नव्हतं,’ ते म्हणाले. मग बराच वेळ फक्त चपलांचे आवाज.

तिसऱ्या वळणावर दादा दिसले. कठड्याला सायकल टेकवून उभे, घाम नाही, काही नाही.

‘काय झालं? बिघडली?’ अण्णांचा जीव वर आला.

‘छे. लोण्यासारखी चालते,’ दादा म्हणाले. ‘पण वर जाऊन बोलू कुणाशी?’ आणि सायकल डाव्या हाताला घेऊन आमच्यात मिसळले. काकांना विचारलं, ‘मी नसताना काय झालं? पहिल्यापासून सांगा.’

काकांनी पहिल्यापासून सांगायला घेतलं. दहा सायकली ढकलल्या जात होत्या, दहाही टिकटिकत होत्या. अण्णा मान तिरकी करून ऐकत होते, आणि त्यातली ५८ सालची कुठली ते त्यांना काही केल्या ओळखता येत नव्हतं.