आईचा व्यवसाय : घरकाम

महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की पालकांचा एक ठरलेला प्रश्न असतो : हा विषय घेऊन मुलगी पुढे करणार काय? ‘स्त्री-अभ्यासा’च्या वाट्याला तो अंमळ कुत्सितपणेच येतो. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांनी असले विषय खुशाल शिकवावेत. जालन्यासारख्या ठिकाणच्या लहान महाविद्यालयाने ही चैन कशाला करावी, असा सुज्ञ म्हणविणाऱ्यांचाही सूर असतो. आमचे मत नेमके उलट आहे. या अभ्यासाची खरी जागा येथेच आहे.

पत्रव्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. मुलांची माहिती भरून घेताना वडिलांच्या व्यवसायापुढे शेती, मजुरी, ऊसतोड असे काहीतरी लिहिले जाई. आईपुढे मात्र सरसकट ‘घरकाम’. ज्यांच्या आयांचे हात उसाच्या पाचटाने चिरलेले आम्ही स्वतः पाहिले होते, त्या मुलांच्या नोंदीतही आम्ही तोच शब्द लिहिला, आणि त्यात काही चुकते आहे असे आम्हांस वाटले नाही!

या जिल्ह्यातील घनसावंगी, अंबड, मंठा या भागांतून दरवर्षी टोळ्या ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशेबी नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. उचल कोयत्याची ठरते आणि बहुधा पुरुषाच्या हाती पडते. खाडा झाला तर दंड मात्र दोघांच्या कमाईतून जातो. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा या खाड्याच्या धास्तीचा अर्थ शहरातील लोकांस प्रथमच कळला. बियाण्यांसाठी जालन्याचे नाव देशभर आहे. संकरित कपाशीच्या बीजोत्पादनात फुलातील पुंकेसर काढून टाकून परागीभवन हातांनीच करावे लागते. हे नाजूक काम मुख्यतः स्त्रिया आणि मुली करतात. त्यांच्याही नावापुढे ‘घरकाम’च असावयाचे. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात यातले काय सापडते?

हा विषय परदेशातून आणलेला आहे, असे म्हणणाऱ्यांनी शेजारच्या बुलढाण्याकडे पाहावे. ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध 1882 साली लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे तेथील. तो ग्रंथ पुढे इतका विस्मरणात गेला की 1975 साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा उजेडात आणावा लागला. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे केंद्र निघाले, त्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. मराठवाड्यातील विद्यापीठाने आपल्या केंद्रास ताराबाईंचेच नाव दिले, हे उचितच झाले.

पालकांचा प्रश्न अगदीच गैरलागू आहे, असे आम्ही म्हणत नाही. या विषयाच्या पदवीने उद्याच नोकरी लागेल, अशी हमी कोणी देऊ नये. शिवाय कित्येक ठिकाणी या अभ्यासाची मजल 8 मार्चच्या रांगोळी-स्पर्धेपलीकडे जात नाही. तेवढ्यासाठी प्राध्यापक नेमण्याची गरज नाही. तो मुलींपुरताच ठेवणे हाही खुळेपणा होय. उचल घेऊन घरी येणाऱ्याच्या मुलालाही तो हिशेब समजला पाहिजे.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक आहेत. ग्रंथालयातील उतारे जुळवून ते मिळविण्यापेक्षा विद्यार्थ्यांनी आपल्याच गावातील कोयत्यांचे हिशेब लिहून काढावेत : उचल किती, ती कोणाच्या सहीने घेतली, किती दिवस बुडाले आणि का. टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात आणि तोड संपवून परततात तेव्हा परीक्षांची धांदल असते. हे काम दसऱ्यापूर्वी, लोक गावात असतानाच उरकावयाचे, तर प्राचार्यांनी वेळापत्रक आताच आखावयास हवे.