जुनी पन्हळ उतरविताना

मृग तोंडावर आला की गंजलेल्या पन्हळीला डांबराचे ठिगळ लावून भागविण्याची रीत आम्हां बेळगाव-खानापूरकडील कौलारू घरांत जुनीच. परंतु हजार चौरस फूट छपरावर इंचभर पाऊस पडला, तरी सुमारे २,३६० लिटर पाणी होते. ते मातीच्या भिंतीच्या बुडाशी मुरत राहिले, तर पाया खचतो. तेथे ठिगळाची काटकसर आम्हांस महागच वाटते.

पन्हळ उतरविताच वाशांची टोके चाचपावीत. कुजक्या लाकडावर नवा पत्रा ठोकणे व्यर्थ! दहा फुटांस अर्धा इंच उतार पुरतो. पीव्हीसी गंजत नाही, मात्र उन्हाने लांबते. सांध्यात फट हवी. ‘उतार नजरेनेच साधतो,’ असे कारागीर म्हणेल. म्हणो बापडा! मजुरी चुकती करण्यापूर्वी वरच्या टोकास बादलीभर पाणी ओतून ते कोठे थबकते, हे पाहावे.