रोग गेला, पहारा उठू नये

यॉज या रोगाचे नाव आजच्या तरुण कार्यकर्त्यांनी कदाचित ऐकलेही नसेल. चंद्रपूर-गडचिरोलीपासून बस्तर-कोरापुटपर्यंतच्या जंगलपट्टीत तो आदिवासी मुलांची कातडी आणि हाडे पिढ्यान्‌पिढ्या पोखरीत आला. लोक त्याला ‘गोंडी रोग’, ‘माडिया रोग’ म्हणत. दारिद्र्याच्या रोगाला समाजाने दरिद्री माणसांचेच नाव दिले होते! १९९६ साली कोरापुटपासून निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. कर्मचारी घरोघर हिंडले, रुग्णाला आणि त्याच्या संपर्कातील माणसांना पेनिसिलिनचे एकेक इंजेक्शन देत गेले. २००३ नंतर देशात नवा रुग्ण आढळला नाही आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला यॉजमुक्त म्हणून मान्यता दिली.

परंतु रोग संपला, की त्याच्या नावाची तरतूदही संपते, हा धोका आहे. १९५२ ते १९६४ या काळात ४६ देशांत सुमारे ५ कोटी लोकांवर उपचार होऊन हा रोग ९५ टक्क्यांनी घटला. मग मोहिमा गुंडाळल्या गेल्या, उरलेले काम दुबळ्या प्राथमिक आरोग्यसेवेच्या गळ्यात पडले, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस रोग परतला. फिलिपिन्समधून तो गेला असे मानले जात असता २०१७ साली मिंदानाओत पुन्हा रुग्ण सापडले. त्याचे जंतू शरीरात वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतात, हे विसरून चालणार नाही.

पहाऱ्याचा खर्च नेमका कशाचा? औषध स्वस्त आहे. आता तोंडाने घ्यावयाची अ‍ॅझिथ्रोमायसिनची एक मात्राही पुरते. महाग आहे ते माणसापर्यंत पोहोचणे. म्हणून हिशेब मुंबईतून खाली नव्हे, तर भामरागड, एटापल्ली, जिवतीच्या वस्त्यांतून वर जावा : शोधफेरीला किती दिवस लागतात, किती जागा रिक्त आहेत, चाचणीचे साहित्य व औषध पावसाळ्यापूर्वी केंद्रात असते काय? याच फेरीत हिवताप आणि कुष्ठरोगही शोधता येतील.

पैसा नाही, ही सबब आम्हांस मान्य नाही. चंद्रपूरचा कोळसा आणि सुरजागडचे लोहखनिज ज्या भूमीतून निघते, तेथील जिल्हा खनिज प्रतिष्ठानांच्या निधीत आरोग्यास अग्रक्रम आहे. या पहाऱ्याची स्वतंत्र, कायम तरतूद व्हावी, असे ठराव कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून करून घ्यावेत आणि ते जिल्हा नियोजन समितीपुढे नेऊन अंमलबजावणीचा जाब विचारीत राहावे. रुग्ण शून्य असणे हे खर्च थांबविण्याचे कारण नव्हे. तो त्या खर्चाचाच परिणाम होय.