धुराडे दिसते, पॅनमन दिसत नाही

कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला नोव्हेंबर उजाडला की रस्ते उसाने भरून जातात. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर मोळ्यांचे डोंगर आणि हवेत मळीचा वास. कारखान्याच्या धुराड्याकडे बघत सायकलवरून शाळेला जाणारी नववी-दहावीची मुले हे लहानपणापासून पाहत आली आहेत. या कारखान्यात कोण कोण काम करते, असे त्यांना विचारून पाहावे. चेअरमन, ड्रायव्हर, वॉचमन, ऊसतोड कामगार. बहुतेकांची यादी इथेच संपते.

ऊस टाकायच्या गव्हाणीच्या पलीकडे मात्र कामांचे एक अख्खे गाव वसलेले असते. तिथे सरकारी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेला बॉयलर अटेंडंट असतो. रसातले ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ) आणि पोल (साखरेचे प्रमाण) तासातासाला मोजणारा केमिस्ट असतो. मिलचे रोलर, पंप, मोटारी सांभाळणारे फिटर आणि वायरमन असतात, तापमान-दाबाची उपकरणे बघणारा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक असतो. उसाचा चोथा म्हणजे बगॅस जाळून वीज तयार करणाऱ्या सहवीज प्रकल्पात टर्बाइनवर लक्ष ठेवणारी माणसे असतात. शिवारात जाऊन उसाच्या लागणीच्या नोंदी ठेवणारा चिटबॉय असतो, त्याच्यावर शेती अधिकारी असतो. आणि पॅनमन असतो. आटवलेल्या रसातून साखरेचा दाणा धरायला लागला की तो निर्वात पॅनमधून थोडा नमुना काचेवर घेतो, उजेडापुढे धरतो आणि दाणा किती वाढला, अजून किती शिजवायचे, हे ठरवतो. हे डोळ्यांचे आणि हाताचे कसब वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. त्याला शास्त्राचा आधार कसा द्यायचा, हे शिकवणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून पुण्याजवळ मांजरीत उभी आहे.

राज्यात असे सुमारे दोनशे कारखाने दर हंगामात पेटतात. त्यांच्या सावलीत शेकडो माध्यमिक शाळा आहेत. तरीही दहावीच्या मुलाला ‘पुढे काय?’ असे विचारले की तो डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस किंवा ‘एमपीएससी’ म्हणतो. यात मुलाची चूक नाही. जे कधी पाहिलेलेच नाही, ते तो निवडणार कसे?

करिअर मार्गदर्शनाबद्दल महाराष्ट्रात बोलणे खूप होते, पण ते जवळजवळ सगळे निकालानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत होते. २०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. साडेपंधरा लाखांच्या आसपास मुले परीक्षेला बसली होती, त्यांतली ९४.१० टक्के पास झाली. त्याच वर्षी अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया पहिल्यांदा संपूर्ण राज्यात लागू झाली. म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या मुलांनी एकाच काळात मोबाइलवर किंवा सेतू केंद्रात बसून शाखा आणि महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरले. तो अर्ज भरताना घरात जो विचार चालतो तो बहुतेक ठिकाणी सारखाच असतो: टक्के चांगले असतील तर विज्ञान, बरे असतील तर वाणिज्य, बेताचे असतील तर कला, आणि काहीच जमले नाही तर आयटीआय. गुणपत्रिका ही जणू उतरंड आहे आणि मुलाला तिच्यात कुठेतरी बसवायचे आहे, अशी ही रीत आहे. तिच्यात मुलाला काय करायला आवडते, त्याचा हात कशात चालतो, हा प्रश्न येतच नाही.

पुढची गर्दी या रीतीतूनच तयार होते. २०२५ मध्ये नीट परीक्षा देशभरात बावीस लाखांहून अधिक मुलांनी दिली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास पदे होती, अर्ज दहा लाखांहून अधिक आले. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. हे अर्ज करणाऱ्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. सरकारी नोकरीची सुरक्षितता खरीच असते आणि शेतीवर भागत नाही, हेही खरे आहे. पण यांतल्या कितीजणांनी दुसरे एखादे काम जवळून पाहून, तोलून मग वर्दी निवडली असेल? ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींबद्दल ‘असर २०२३’ या पाहणीत जे आढळले ते याच्याशी जुळते. मुलांची स्वप्ने सैन्य आणि पोलिसांभोवती, मुलींची शिक्षिका आणि डॉक्टर या दोन कामांभोवती घोटाळत होती. गावात आणि टीव्हीवर जी कामे दिसतात, तीच स्वप्नात येतात.

सरकारने काही केले नाही असे नाही. २०१६ पासून काही वर्षे राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. शेती, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे होती आणि मुलाचा ओढा कुठे आहे, हे अहवालात कळायचे. २०२० मध्ये युनिसेफच्या मदतीने महाकरिअर पोर्टल आले. त्यावर शेकडो व्यवसायांची माहिती दिली होती. दोन्हींमागचा हेतू चांगला होता. अडचण क्रमाची आहे. अनोळखी पदार्थांची यादी पुढे ठेवून यातले काय आवडते असे विचारले, तर माणूस ओळखीचे नावच सांगणार. ज्या मुलीने प्रयोगशाळेत रक्ताचा नमुना तपासताना कुणाला पाहिले नाही, तिचा ‘आरोग्य क्षेत्रातला कल’ मोजला तरी उत्तरात तिच्या मावशीची नर्सची नोकरी किंवा मालिकेतला डॉक्टरच दिसेल. चाचणीने कल मोजता येतो. तो तयार व्हायला अनुभव लागतो.

हा अनुभव शाळेतून देता येतो, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत अन्न तंत्रज्ञानात डॉक्टरेट आणि हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधन, एवढी शिदोरी असलेला हा माणूस दुष्काळी गावात येऊन राहिला. शाळेत न रमलेली मुले हाताने काम करताना भराभर शिकतात, हे त्यांनी करून दाखवले. तिथून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला आणि राज्य मंडळाच्या आठवी ते दहावीच्या अभ्यासक्रमात पोहोचला. आठवड्यातला एक दिवस मुले वेल्डिंग, सुतारकाम, विजेची जोडणी, रोपवाटिका, जनावरांची देखभाल, खाद्यपदार्थ, रक्तगट तपासणी असे सगळेच करतात. मुले वेल्डिंग करतात आणि मुली स्वयंपाक, अशी वाटणी तिथे नाही. मुलगीही खिडकीची जाळी बनवते आणि मुलगाही चिक्की. तीन वर्षांत प्रत्येकाला आपला हात कशात चालतो आणि कशात अजिबात चालत नाही, दोन्ही कळते. ‘कशात चालत नाही’ हे पंधराव्या वर्षी कळणे फार मोलाचे आहे. तेच कळायला अनेकांना अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष उजाडावे लागते.

खेळात आधी अनुभव आणि मग निवड हा क्रम सरकारनेच पाळला आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. तिथे आधी वर्षभर कसून शारीरिक तयारी झाली आणि मग एक खेळ निवडायची वेळ आली. त्याने नेमबाजी निवडली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्याने ऑलिंपिक कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्रत्येक मुलाला पदक मिळत नसते, पण निवडीआधी एक वर्ष हाताशी मिळणे, एवढे तर साडेपंधरा लाखांपैकी प्रत्येकाला मिळायला हवे.

शाळेतच मार्गदर्शन आणि कामाचा अनुभव द्यावा, हे काही आज सुचलेले नाही. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये अहवाल दिला. कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. मार्गदर्शन हा शिक्षणाचाच भाग मानावा आणि निदान दहा माध्यमिक शाळा मिळून एक फिरता समुपदेशक असावा, असे त्या अहवालात आहे. दहा शाळांना एक! साठ वर्षांत एवढीही मागणी गावोगावच्या शाळांपर्यंत पोहोचलेली नाही. त्याच आयोगाने कार्यानुभवाचाही आग्रह धरला होता. कार्यानुभव म्हटल्यावर आज चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांना घोटीव कागदाची फुले, खडू तयार करण्याचा साचा आणि आदल्या रात्री आईने पूर्ण केलेली वही आठवेल. नाईकांच्याच भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली पाबळचा प्रयोग उभा राहिला, म्हणजे अहवालातला तो विचार एका खेड्यात तरी रुजला. बाकीच्या शाळांत कार्यानुभव तासिकेपुरता उरला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० पुन्हा तिथेच येते. सहावी ते आठवीच्या मुलांनी कधीतरी दहा दिवस दप्तराशिवाय स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलाकारांकडे जाऊन शिकावे, असे त्यात म्हटले आहे. ही तरतूद चांगली आहे. मात्र सहलीसारखे एकदा जाऊन आले आणि अहवालात छायाचित्र लागले, इतकेच त्याचे होऊ नये.

या सगळ्याबद्दल एक शंका नेहमी घेतली जाते आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. मद्रास राज्यात १९५३ मध्ये राजगोपालाचारींच्या सरकारने अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरच्या व्यवसायाचे शिक्षण अशी योजना आणली होती. मुलांना जातीच्या धंद्यात परत ढकलण्याचा हा डाव आहे, असा तीव्र विरोध झाला. १९५४ मध्ये राजगोपालाचारी पायउतार झाले आणि कामराज सरकारने योजना मागे घेतली. तो विरोध योग्य होता. महाराष्ट्रातही ‘व्यवसाय शिक्षण’ म्हटले की गरिबाच्या पोराला पाना आणि श्रीमंताच्या पोराला पुस्तक, असे होण्याचा धोका आहेच. त्यावर उपाय हाच, की सगळ्याच मुलांनी सगळी कामे पाहावीत. डॉक्टरांच्या मुलाने एसटी आगारातल्या कार्यशाळेत इंजिन उघडलेले पाहावे आणि मेकॅनिकच्या मुलीने न्यायालयात वकिलाला युक्तिवाद करताना पाहावे. बापाच्या धंद्यापलीकडची कामे दाखवणे, हाच शाळेच्या अशा दौऱ्यांचा पहिला नियम असावा.

तालुक्याच्या गावात दाखवण्यासारखे काय नसते? महावितरणचे उपकेंद्र, ग्रामीण रुग्णालयाची प्रयोगशाळा, जनावरांचा दवाखाना, दूध शीतकरण केंद्र, पाणी शुद्धीकरण केंद्र, छापखाना, बँकेची शाखा, दुय्यम निबंधक कार्यालय. रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, इचलकरंजीत यंत्रमाग आहेत, हुपरीत चांदीकाम आहे, येवल्यात पैठणीचे हातमाग आहेत. आठवी आणि नववीच्या दोन वर्षांत महिन्याला एक असे वीस दौरे सहज होतात. त्याला पैसा फारसा लागत नाही. एका शिक्षकाच्या तासिका थोड्या कमी कराव्या लागतील आणि त्याला निवडणूक-जनगणनेसारख्या कामांतून त्या दिवसांपुरते तरी मोकळे ठेवावे लागेल. मुलांनी तिथल्या माणसाला तीन गोष्टी विचाराव्यात: दिवसभर नेमके काय करता, इथपर्यंत कसे आलात, आणि पगार किती. तिसरा प्रश्न विचारायला शिक्षकच कचरतात, पण तो गाळू नये. कारखान्यात कायम किती आणि हंगामी किती, हंगाम संपल्यावर हंगामी कामगार काय करतो, हेही मुलांना तिथेच कळले पाहिजे. गोड चित्र दाखवून मुलांची फसवणूक होता कामा नये.

पालकांची सभा निकालानंतर घेऊन उपयोग नाही. ती नववीच्या सुट्टीआधी व्हावी. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका केली की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, हे कितीतरी घरांत माहीत नसते. आयटीआय म्हणजे वाट बंद झाली, ही समजूत त्या माहितीअभावीच टिकून आहे. ही माहिती एका संध्याकाळी सांगून होते.

आणि एक गट कुठल्याच मार्गदर्शन मेळाव्यात दिसत नाही. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दर हंगामात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. त्यांच्याबरोबर येणाऱ्या मुलांसाठी काही ठिकाणी साखरशाळा चालवल्या गेल्या. ही मुले पाच-पाच महिने त्याच कारखान्याच्या आवारालगत, कोप्यांमध्ये म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये राहतात. गव्हाणीपर्यंतचा रस्ता त्यांना पाठ असतो. गव्हाणीच्या आत मात्र त्यांना कुणी नेलेले नसते. आई-बापाने तोडलेल्या उसाचे आत काय होते, ते ज्या प्रयोगशाळेत आणि पॅनवर ठरते, ती खोली त्यांनी कधी पाहिलेली नसते.

हंगाम साधारण मार्चपर्यंत चालतो आणि शाळेची वार्षिक परीक्षा त्यानंतर असते. मधले कितीतरी शनिवार मोकळे आहेत. मुख्याध्यापकांनी कार्यकारी संचालकांना एक पत्र लिहावे, सुरक्षेसाठी तीस-तीस मुलांच्या तुकड्या कराव्यात, डोक्यावर हेल्मेट द्यावे आणि कोप्यांवरची शाळकरी मुले त्याच तुकड्यांत गावच्या मुलांबरोबर घ्यावीत. पॅनवर पोहोचल्यावर पॅनमनला हातातली काच त्यांच्यापुढे धरायला सांगावे. दाणा उजेडात दिसतो.