संगमावरचे महाराज

गेल्या अंकात हुमणीवर लिहिलं होतं आणि पुढच्या अंकात बियाण्याच्या उगवणक्षमतेकडं वळायचं आहे. मधल्या या एका आठवड्यात वाचकांनी मला जरा मुभा द्यावी. विषय परदेशाचा असला तरी तो फिरून आपल्या पंचगंगेकडंच येतो, आणि त्यात मातीचंही काम आहे.

इटली देशात फ्लॉरेन्स नावाचं शहर आहे. तिथं आर्नो नदीच्या काठी, मुन्योने नावाचा लहानसा ओढा तिला मिळतो त्या जागेवर, आपल्या कोल्हापूरच्या एका छत्रपतींची समाधी आहे. हे राजाराम महाराज दुसरे. १८६६ साली ते दत्तक म्हणून गादीवर आले, इंग्रजी शिकले आणि १८७० साली विलायतेला गेले. तिथं रोज काय पाहिलं, कुणाला भेटलो, याची त्यांनी इंग्रजीत रोजनिशी ठेवली. त्यांच्याबरोबर असलेल्या कॅप्टन वेस्ट या अधिकाऱ्यानं ती १८७२ साली लंडनला छापून काढली. परतीच्या वाटेवर युरोपातल्या थंडीच्या दिवसांत महाराज आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. कोल्हापूरला परत यायचं राहूनच गेलं.

आमच्या मित्राला हे सगळं तोंडपाठ. तो शिरोळ तालुक्यातला ऊसवाला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याचे वडील म्हणायचे, "आपला राजा परमुलखात एकटा ऱ्हायलाय, कुणीतरी जाऊन याया पायजे." पण खरं सांगायचं तर आम्ही गेलो ते वडिलांच्या शब्दाखातर नव्हे, धाकट्या पोरामुळं. त्याला पुढच्या शिक्षणाला जर्मनीला जायचं आहे आणि बापाची मान दोन वर्षं नकारार्थी हलते आहे. शेवटी पोरगं म्हणालं, "आण्णा, तुम्ही एकदा जाऊन बघा, मग नाही म्हणा." तिकिटं, राहण्याची सोय, सगळं त्यानंच मोबाईलवर ठरवलं आणि दोघांच्या पाठीवर एकेक सॅक चढवून दिली. दिवाळी आटोपून, तोडणीच्या टोळ्या यायच्या आत आम्ही निघालो.

निघायच्या आदल्या दिवशी आमचं भांडण झालं. मी त्याची सॅक बघत होतो (पन्नाशीनंतर पाठीवर सात-आठ किलोच्या वर नको, हे आधीच सांगून ठेवलं होतं) तर कपड्यांच्या घडीत एक पुडी निघाली. प्रयाग चिखलीची माती. कुंभी, कासारी, तुळशी आणि भोगावती मिळून पंचगंगा होते, त्या संगमावरून तो मुद्दाम घेऊन आला होता. म्हणाला, "महाराजांच्या पायाशी टाकायची हाय."

मी ती पुडी काढून ओसरीवर ठेवली. तो लाल झाला. "सायेब, आपल्या राजाला आपली माती न्यायला कुणाचा परवाना लागतो रं?"

परवाना लागतो एवढंच नव्हे, तो आपल्यासारख्या प्रवाशाला मिळतच नाही. युरोपच्या देशांत बाहेरून माती आणायला बंदी आहे, आणि ती बंदी वेडेपणाची नाही. चिमूटभर मातीत डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी असतात, बुरशीचे बीजाणू असतात, तणाचं बी असतं. गाजरगवत आपल्याकडं पहिल्यांदा नजरेत भरलं ते १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात. आज महाराष्ट्रात असा बांध दाखवा जिथं ते नाही. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली देशात शिरली आणि त्याच हंगामात आपल्यापर्यंत पोचली. इटलीनंही हे भोगलं आहे. तिथल्या दक्षिणेकडच्या पुलिया भागात २०१३ साली ऑलिव्हच्या बागा फांद्यांच्या टोकाकडून वाळायला लागल्या. एक जिवाणू झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करतो. फेसासारख्या थुंकीत ज्याची पिलं वाढतात असा एक रसशोषक कीटक तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. शेकडो वर्षांची झाडं मुळासकट काढावी लागली. हा रोग मध्य अमेरिकेतून आलेल्या शोभेच्या कॉफीच्या रोपांबरोबर आला असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. कुणीतरी हौसेनं आणलेलं रोप, दुसरं काय!

मित्र ऐकत होता, पण पटलं होतं असं नाही. मग काय नेता येतं याची मी यादी सांगितली. दुधाचा कुठलाही पदार्थ नाही, म्हणजे तूप, पेढे, खवा सगळं बाद. मांस बाद. ताजी फळं कृषी खात्याच्या दाखल्याशिवाय नाहीत. त्यातून सूट फक्त पाच फळांना, केळ, नारळ, खजूर, अननस आणि एक दुरियन म्हणून फळ आहे ते. नारळाचं नाव निघताच त्याचा चेहरा खुलला. पण सुकं खोबरं विमानात चालत नाही, तेलामुळं ते पेट घेऊ शकतं, तेव्हा नारळाचं प्रकरण तिथंच जाऊन मिटवायचं ठरलं. गुळाची एक ढेकूळ मात्र त्यानं घेतली. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यामुळं त्याच्या मते तो सरकारी शिक्क्याचा नैवेद्य होता.

विमानाचं आणि व्हिसाचं फार लिहीत नाही. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो, आणि ३० हजार युरोंचा आजारपणाचा विमा सक्तीचा आहे. विम्यात काटकसर करू नये. विशीतला राजा ज्या वाटेवर आजारी पडला, त्या वाटेवर आपण पन्नाशीत निघालो होतो.

फ्लॉरेन्समध्ये आम्ही उतरलो ते तरुण पोरांच्या वसतिगृहासारख्या जागी. एका खोलीत एकावर एक खाटा. वरच्या खाटेवर चढायच्या शिडीवरून मित्रानं पहिल्या रात्री मला अशा शिव्या घातल्या की समोरची कोरियन पोरगी न समजताही हसायला लागली. पहाटे पाचला उठून, इतरांची झोप न मोडता, चटणीची पिशवी उघडायची हे कसबाचं काम आहे. तिथल्या पावात मीठ नसतं. साऱ्या तोस्कानी प्रांताची ती जुनी रीत आहे. मित्राला वाटलं, बेकरीवाला विसरला. मग चटणीला लावून खाल्ल्यावर म्हणाला, "भाकरीत तरी कुठं मीठ असतंय?" आणि तो प्रश्न सुटला. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला पोलेंता मिळतो, शिळा पाव, घेवडा आणि पालेभाजी घालून उकळलेलं रिबोल्लिता मिळतं. मांस न खाणाऱ्यानं ते कशाच्या पाण्यात शिजवलं आहे एवढं विचारून घ्यावं.

दोन दिवस आम्ही पायीच फिरलो. रस्ते दगडी फरसबंदीचे, तेव्हा नवा बूट घालून जाऊ नये. माझ्या मित्राच्या टाचेचे हाल मी पाहिले. लोक जिथं रांगा लावून चित्रं बघतात तिथं आम्हीही गेलो, पण तो थबकला तो एका भिंतीपाशी. डोक्याच्या बऱ्याच वर एक दगडी पाटी बसवलेली आणि तिच्यावर रेघ. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नोचं पाणी इथवर आलं होतं. गल्लोगल्ली अशा पाट्या आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये या माणसाच्या घरात छताला हात लावण्याइतकं पाणी होतं, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा. त्यानं पाटीखाली उभं राहून हात वर करून बघितला. रेघ हाताच्या वर होती.

त्या पुरात घरं गरम ठेवायला साठवलेलं काळं तेल पाण्यात मिसळलं आणि सगळं शहर तेलकट चिखलानं भरलं. राष्ट्रीय ग्रंथालयातले लाखो ग्रंथ बुडाले. देशोदेशीची तरुण पोरं आली, तळघरापासून वरपर्यंत साखळी करून एकेक पुस्तक हातोहात बाहेर काढलं. त्यांना लोक चिखलातले देवदूत म्हणतात. वरच्या अंगाच्या धरणांतून पाणी कसं आणि कधी सोडलं यावरून मागाहून वाद झाला. हे सांगितल्यावर मित्र इतकंच म्हणाला, "म्हंजे हितं बी आलमट्टी हाय." आणखी एक गंमत: १३३३ सालचा मोठा पूरही ४ नोव्हेंबरलाच आला होता. त्यात वाहून गेलेल्या पुलाच्या जागी बांधलेला जुना पूल आजही उभा आहे, आणि त्यावर सोनारांची दुकानं आहेत.

मला स्वतःला बघायची होती ती जॉर्जोफिली ही संस्था. १७५३ साली एका धर्मगुरूनं शेतीच्या सुधारणेसाठी स्थापन केलेली, जगातल्या सगळ्यांत जुन्या कृषी संस्थांपैकी एक. नावाचा अर्थच शेतीचे प्रेमी. आपल्याकडं त्या वेळी पानिपत व्हायचं होतं! २७ मे १९९३ च्या रात्री माफिया टोळीनं तिच्या दारातल्या गल्लीत बॉम्बची गाडी उडवली. इमारत ढासळली, संस्थेची रखवाली करणारी बाई, तिचा नवरा, त्यांच्या दोन लहान मुली आणि शेजारचा एक विद्यार्थी असे पाच जण गेले. इमारत पुन्हा उभी केली, ग्रंथसंग्रह सावरला, काम चालू आहे. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. मित्रानंही घाई केली नाही.

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, समाधीकडं निघालो. स्टेशनाजवळून ट्राम मिळते, कास्चिने थांब्यावर उतरायचं. कास्चिने म्हणजे आर्नोच्या काठानं साधारण साडेतीन किलोमीटर लांब पसरलेली वनराई. हा पूर्वी तिथल्या राजघराण्याचा गुरांचा मळा होता. नावही गोठा-दूधदुभत्यावरूनच पडलेलं. विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय याच बागेत आहे, आणि दर मंगळवारी सकाळी नदीकाठानं आठवडी बाजार भरतो. कापडं, भांडी, चप्पल, भाजी, सगळं. आपला वडगावचा बाजार डोळ्यांसमोर आणा, फक्त जनावरं वजा करा. तिथं नारळ मिळाला. किंमत ऐकून मित्र म्हणाला, "एवढ्यात घरी तीन आले असते," पण घेतला.

बाग संपते तिथं, अगदी टोकाला, घुमटीखाली महाराज बसलेले दिसतात. रंगवलेला अर्धपुतळा, अंगावर दागिने, डोक्याला फेटा. ही छत्री १८७४ साली उभारली. आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे ज्यांनी आपला नवा राजवाडा आणि टाऊन हॉल उभा केला तेच मँट. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. तिथले लोक महाराजांना नुसतं 'इंदियानो' म्हणतात. शेजारून आर्नोवर जाणारा, तारांवर तोललेला मोठा पूल १९७८ मध्ये पुरा झाला, त्यालाही 'इंदियानो'चा पूल असंच नाव आहे.

जागा इथंच का, हे संगमावर उभं राहिल्यावर कळतं. १८७० साली त्या मुलखात प्रेत जाळायची रीत नव्हती. महाराजांच्या बरोबरच्या माणसांनी दहनाचा आग्रह धरला, नगरपालिकेची खास परवानगी मिळवली आणि दोन पाण्यांचा संगम शोधला. गाव परकं, भाषा परकी, राजा गेलेला, आणि ती माणसं रात्री नदीकाठी चिता रचताहेत. परक्या शहरानं मोडता घातला नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. युरोपात दाहिनीतलं पहिलं दहन मिलान शहरात झालं ते १८७६ साली, म्हणजे यानंतर पाच वर्षांनी. महाराज गेल्यावर कोल्हापूरला पुन्हा दत्तक आले, तेही लवकर गेले, आणि १८८४ साली कागलच्या घाटग्यांचा मुलगा गादीवर बसला. ते आपले शाहू महाराज.

चौथऱ्यावर इंग्रजीत लिहिलं आहे की महाराज वयाच्या एकविसाव्या वर्षी, इंग्लंडहून परतताना इथं वारले. मी वाचून सांगितलं. मित्र गप्प झाला. मग म्हणाला, "माझा धाकटा एवढाच हाय."

मला वाटलं, संपलं. जर्मनीचं नाव आता घरात काढता येणार नाही.

त्यानं नारळ आणि गुळाची ढेकूळ चौथऱ्यापुढं ठेवली, नमस्कार केला, आणि मी सांगायच्या आधीच दोन्ही उचलून घेतलं. मागं कचरा ठेवायचा नाही एवढं त्याला कळत होतं. नारळ आम्ही नदीच्या काठी दगडावर फोडला. कुत्रं फिरवायला आलेला एक म्हातारा थांबून बघायला लागला. त्यानं पुतळ्याकडं बोट केलं, मग आमच्याकडं. मित्र छातीला हात लावून म्हणाला, "कोल्हापूर." म्हाताऱ्याला खोबरं आणि गूळ दिला. गूळ त्यानं जिभेवर बराच वेळ ठेवला आणि पुन्हा हात पुढं केला.

उठताना मित्र वाकला आणि संगमाची चिमूटभर माती त्यानं बोटांत धरली. माझ्याकडं बघितलं. आपल्या देशातही २००३ च्या आदेशाप्रमाणं बाहेरची माती परवान्याशिवाय आणता येत नाही. मी बोललो नाही. त्यानं बोटं पाण्यात धुतली आणि पँटला पुसली.

संध्याकाळी पोराचा फोन आला. बापानं समाधीचं सांगितलं, पुराच्या पाटीचं सांगितलं, नारळाचा भाव दोनदा सांगितला. मग जरा थांबून विचारलं, "जर्मनीत हितल्यापेक्षा थंडी जास्त असतीया का रं?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं मला दुकानांतून हिंडवलं आणि लोकरीचे दोन आतले बनियन घेतले. माप मात्र त्याचं नव्हतं.