'बॉर्डरलाइन' म्हणजे नक्की काय, डॉक्टर?

उपाशीपोटी शुगर 112 आली की ठरलेलं उत्तर मिळतं, 'बॉर्डरलाइन आहे, गोड कमी कर.' संपलं! पुढचा पेशंट. आपणही 'सुटलो बुवा' म्हणत खाली येऊन कटिंग मारतो.

पण 100 ते 125 म्हणजे प्रीडायबेटिस. आयसीएमआरच्या 2023 सालच्या अभ्यासानुसार देशात असे 13.6 कोटी लोक आहेत, मधुमेहींपेक्षाही जास्त. आणि 'तू तर काडी, तुला कसली शुगर!' हे विसराच. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कधीपासून सांगताहेत, वरून बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्या अंगातही चरबी जास्त असू शकते.

खरं तर आवरायची वेळ हीच. भारतातच झालेल्या, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आहार-व्यायाम बदलून मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला. पण तिथं लोकांना नीट समजावलं होतं, पाठपुरावा केला होता. 'गोड कमी कर'मध्ये ते कसं मावणार? मेसच्या ताटात भाताचा डोंगर आणि बटाट्याची भाजी असते, त्याचं काय करायचं?

तेच विचारा की! एचबीए1सी करायची का? परत तपासणी कधी? आहारतज्ज्ञाकडे पाठवता का? घरात कुणाला मधुमेह असेल तर आपणहून सांगा. ही हुज्जत नव्हे. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर दमलेले असतात, मान्य. म्हणूनच प्रश्न मोबाइलमध्ये लिहून न्या, आणि पुढच्या तपासणीची तारीख केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.