ऑपरेशन झालं, आता पहिल्या घासाचं कोण बोलणार?

परवा पुतणीच्या लग्नात पंगतीतून उठून मला हात धुवायच्या जागेमागं जाऊन उभं राहावं लागलं. घास अडकला होता. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं होतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते. मामांनी "एवढी एकच पुरी" म्हणून वाढली आणि बोलण्याच्या नादात मी ती न चावताच गिळली.

दोन वर्षांपूर्वी माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात, उरते केळ्याएवढी नळी. वजन उतरलं, शुगरच्या गोळ्या कमी झाल्या. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरची.

डिस्चार्जच्या दिवशी दहा मिनिटांत एक छापील कागद हातात पडला. त्यात सूप, उकडलेलं चिकन, ब्रोकोली. आमच्या घरात भाकरी, पिठलं, भात! कोरडी पोळी अडकते, भाताने पोट गच्च होतं, मुगाची पातळ खिचडी मात्र सुखात उतरते, हे मी घास अडकवून अडकवून शिकलो. आधी अंडं, पनीर, घट्ट वरण. बाकीचं जागा उरली तर. बोराएवढा घास, अगदी लगदा होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही (तांब्या-भांडं घेऊन पानावर बसणाऱ्या माणसाला हे सांगून बघा). छातीत जरा जड वाटलं की तिथंच थांबायचं, पानात उरलं तरी.

बायपास झालेल्या एका मित्राला श्रीखंड खाल्ल्यावर घाम, धडधड, जुलाब. त्याला वाटलं, हार्ट अटॅकच आला. ते डम्पिंग होतं, म्हणजे गोड एकदम आतड्यात उतरल्यावर होणारा त्रास. त्याला हे आधी कोणीच सांगितलं नव्हतं. आणि सारख्या उलट्या होत असतील, पाणीही टिकत नसेल, तर ओवा-जिरं करत बसू नका, सरळ सर्जनकडे जा. नळी अरुंद झालेली असू शकते, शिवाय थायमिन कमी पडलं की नसांवर परिणाम होतो.

आता मूळ मुद्दा. बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह वगैरे असेल, तर या ऑपरेशनला विमा मिळू शकतो. चांगलंच आहे. पण माझ्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचा खर्च ६० दिवसांपुरता. बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर घ्यायचं, रक्त दरवर्षी तपासायचं, आहारतज्ज्ञाची फी वेगळी, सगळं खिशातून. मग लोक तेच सोडतात, आणि वर ऐकून घेतात, "एवढे पैसे घालून पथ्य पाळता येत नाही?"

हॉस्पिटलवाल्यांनो, आधीचे-नंतरचे फोटो होर्डिंगवर खुशाल लावा. पण वर्षभराचा आहारसल्ला त्याच पॅकेजमध्ये धरा, आणि तो कागद मराठी स्वयंपाकघर बघून लिहा. विमा कंपन्यांनीही तेवढी मुदत वाढवावी.

पुढच्या महिन्यात भाच्याची मुंज आहे. वाढप्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.